काठावरचे कपॅसिटर

करी रोड, १९ जून १९८८

उत्तम,

अडला हरी गाढवाचे पाय धरी, एवढंच समज आणि पुढे वाच. खुशाली विचारायला लिहीत नाहीये. सहा वर्षांत या घरातून तुला एक ओळ गेली नाही, आणि पहिली ओळ माझ्या हातून जावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. पत्ता चिंतामणी सरांकडून घेतला. सर म्हणाले, तू बंगलोरच्या कंपनीत दिवसभर सर्किट बोर्डांचे लेआउट करतोस. म्हणून लिहितेय. भावाला नाही, लेआउटवाल्याला.

काम असं आहे. दादरला सरांच्या टायपिंग क्लासात आता कॉम्प्युटर आलेत. नवे नव्हेत. रबरी बटणांचे, टीव्हीला जोडायचे, टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम चढवायचे ते जुने. कुठल्या तरी शाळेने अडगळ म्हणून काढले, सरांनी उचलले. बाजारात पीसी आलाय, या खेळण्यांना आता कुत्रं विचारत नाही. पण सरांच्या डोक्यात भूत शिरलंय की यांच्यावर मराठी अक्षरं टाइप करून दाखवायची. त्याला मशीनची मेमरी पुरत नाही. म्हणून मागच्या खाचेत बसेल असं मेमरीचं कार्ड घरी बनवायचं ठरलं. सर्किट मासिकात आलेलं आहे, ते बरोबर आहे, मी पिन न पिन तपासलीय. सोल्डरिंग माझं. वरळीच्या वर्कशॉपात मी दिवसभर तेच करते, तुला माहीत असायचं कारण नाही.

कार्ड लावलं की चालतं. एक चहा पिऊन होईपर्यंत छान चालतं. मग पडद्यावर कचरा सांडतो आणि मशीन ठप्प. चिपा बदलून पाहिल्या, पॉवर सप्लाय बदलला. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोघांना दाखवलं, दोघेही म्हणाले लेआउटमध्ये लोचा आहे. काय लोचा, ते कोणी सांगेना.

लेआउट बाबांनी केलंय.

हो, आपल्याच बाबांनी. गिरण्यांचा संप सुरू झाला, माग सुटला, तेव्हापासून माणूस दारातल्या बाकड्यावर बसलेला. संप काही मिटला नाही, आणि बाबाही काही उठले नाहीत. कोणी पानाच्या गादीवर बसा म्हटलं, कोणी वॉचमनकी देऊ केली, सगळ्यांना एकच उत्तर, 'मी साच्यावरचो माणूस.' यंदा होळीच्या सुमारास मी फिल्मवर काळी टेप चिकटवत बसले होते. जिथे टेप तिथे बोर्डावर तांबं राहणार, बाकीचं खाऊन जाणार, हे तुला सांगायला नको. बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, 'चेडवा, तुझो ताणो वाकडो जाता.' आणि माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. तेव्हापासून त्यांना जेवायला हाका माराव्या लागतात. आई देवापुढे साखर ठेवते.

गणपतीनंतर क्लासची नवी बॅच बसते. तोवर कार्ड दिवसभर टिकलं तर सगळ्या मशीनांची कार्डं बनवायला आपल्याकडे, गिरगावात सरांच्या मित्राचा क्लास आहे त्यांचीही आपल्याकडे, आणि लेआउटला बाबा. नाही टिकलं तर मशीनं भंगारात, बाबा बाकड्यावर. या वेळी बसले तर ते परत उठायचे नाहीत. मी रोज बघतेय त्यांना, मला कळतं.

फिल्मची नक्कल सोबत आहे. काय चुकलं ते सांग आणि गप्प बस. उत्तर सरांच्या क्लासवर पाठव, घरी नको. बाबांना यातलं काही माहीत नाही. घरी सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे कोण कोण, ते विचारायचा हक्क तू त्या गाडीत चढलास तेव्हाच गेला.

मंजुळा


करी रोड, ७ जुलै १९८८

उत्तम,

'बाबांनी बोर्ड नाही केला, लुगडं विणलंय.' वा! सहा वर्षांनी बापाच्या कामावर बोलायची पाळी आली आणि पहिलं वाक्य हे. नाकाने कांदे सोलायची सवय तिकडच्या हवेतही गेली नाही म्हणायची.

तू चार चुका मोजल्यास. सगळ्या लायनी एकमेकींना खेटून, एका अंतराने, या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर नेल्यात, म्हणून एकीतला सिग्नल दुसरीत झिरपतो. ग्राउंडची लाइन बारीक आहे आणि बोर्डाच्या कडेकडेनेच फिरते, मधल्या चिपांना ती वळसा घालून मिळते. कपॅसिटर चिपांजवळ हवेत, ते बाबांनी सगळे एका ओळीत काठावर मांडलेत. आणि जंपर टाळायला लायनी गावभर फिरवून आणल्यात.

झालं मोजून? आता माझं ऐक. लायनी खेटून समांतर आहेत कारण बाबांना तसं येतं. आयुष्यभर ताण्याकडे बघितलेल्या माणसाला धागा धाग्याशी समांतर नसला की चैन पडत नाही. आणि कपॅसिटर काठावर का, तर मीच विचारलं होतं त्यांना. म्हणाले, बिनकाठाचं लुगडं कोण नेसतं? सर्किटात कपॅसिटर कुठे बसवायचे ते लिहिलेलं नसतं, सगळे एका बाजूला ओळीने काढलेले असतात, मासिकातही तसेच होते. तूही पहिल्यांदा तसंच केलं असतंस. जंपरचं तर विचारूच नकोस. रेघ मध्येच तोडून वरून तार टाकायची म्हटली तर म्हणाले, 'तुटलेलो धागो गाठ मारून दडवलो तर गिरणीतलो जॉबर पीस अंगावर फेकी.' दोनच जंपर आहेत त्या कार्डावर, तेही मी हट्ट केला म्हणून.

तर तुझं म्हणणं, हे सगळं फाडून नव्याने कर. फाडून! कोणी सांगायचं त्यांना? तू?

आता हे लिहिताना माझाच मला राग येतोय, पण लिहिते. तुझं पत्र आलं त्या रविवारी बाबा भाजी आणायला गेले तेव्हा मी कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूने प्रत्येक चिपेच्या पायांवर एकेक कपॅसिटर थेट सोल्डर केला. कार्ड दुपारभर चाललं. संध्याकाळी बंद पडलं, पण दुपारभर चाललं. म्हणजे तुझं बरोबर आहे. लिहिलं, झालं समाधान?

बाबा आले, त्यांनी कार्ड सहज हातात घेतलं, उलटं केलं. मागे ती ठिगळं बघितली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड परत ठेवलं आणि विचारलं, 'माझ्या कामात खोट होती, चेडवा?' मी म्हटलं, नाही हो, सहज करून बघितलं. 'खोट नसली तर ठिगळ कित्याक लावतत?' त्या रात्री ते जेवले नाहीत.

घाणीचं वेगळंच. कार्डावरचं नको ते तांबं खाणारं फेरिकचं पाणी गॅलरीत सांडलं आणि लादीवर पिवळा डाग पडला. शेजारची राधाबाई आल्यागेल्याला बाबांचं नाव घेऊन सांगते की कुशाबाच्या घरी कोणाला कावीळ झालीय. तिला तोंड द्यायला मी एकटी पुरी पडते, त्यात तुझ्या मदतीची गरज नाही.

फक्त एक सांग. हे चिपेजवळ कपॅसिटर असं का लागतं, ते बाबांना पटेल अशा शब्दांत लिही. इंग्रजी पुस्तकातलं नको. मला कारण सांगता आलं तर कदाचित फाडावं लागणार नाही, तेच बदलतील.

मंजुळा


करी रोड, २८ जुलै १९८८

उत्तम,

समजावून सांगणारं पत्र मिळालं. छान लिहिलंयस, ते मी वापरणार. सोबतचा नवा नकाशाही मिळाला. पण खाली जे लिहिलंयस ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

'कार्ड चाललं तर बाबांना विचार, मी गणपतीला घरी येऊ का.'

म्हणजे हे कपॅसिटर फुकट नव्हते तर! मला वाटलं होतं, निदान बापाचं काम आहे म्हणून सांगतोय. बाजार मांडलास तू. गाडीत चढतानाही असाच हिशेब केला असशील, या हाताने द्यायचं, त्या हाताने घ्यायचं.

आणि वर लिहितोस, 'घरात चूल पेटत नव्हती म्हणून आत गेलो, बाबांना कधी तरी कळेल.' चूल कोणाची पेटत होती, उत्तम? आपल्या मजल्यावर सांग एक नाव. आईने खानावळीतल्यांच्या भाकऱ्या थापून हात भाजून घेतले. सुभद्रामावशीने गावची भांडीही विकली. कोणी गेलं का आत? तू गिरणीतला शिकाऊ वायरमन, तुझ्यावाचून गिरणी अडली नव्हती. जाळ्या लावलेल्या गाडीतून, संप मोडून आत जाणाऱ्यांमध्ये तू होतास, आणि बाबा गेटावर होते. तू त्यांना बघितलंस की नाही माहीत नाही. त्यांनी तुला बघितलं. घोषणा द्यायला वर केलेला हात तसाच राहिला त्यांचा, शेजारच्या माणसाने खाली ओढला. हे मला त्या शेजारच्या माणसाने सांगितलं, बाबांनी आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. घरी आले आणि एवढंच म्हणाले, 'आजपासून माका एक चेडू, झिल नाय.' तू त्यानंतर वर्षभर आत काम केलंस आणि मग बंगलोरला पळालास. तुझी वळकटी न्यायला आलास तेव्हा बाबा बाकड्यावर बसून होते, आणि तू त्यांच्या पायांवरून ओलांडून गेलास. पाया पडलास का? नाही. ओलांडून गेलास.

मला सोल्डरिंग कोणी शिकवलं, हे तू पत्रात मुद्दाम काढलंस. गॅलरीत बसून, जुन्या रेडिओवर. आठवतंय मला. आठवत नसतं तर मला तुझा एवढा राग आला असता का?

मी शब्द देत नाही. कार्ड चाललं, तर विचारीन. चाललं नाही तर तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आणि विचारलं तरी उत्तर काय येईल याबद्दल स्वप्नं बघू नकोस.

तिकडे थोरांना नमस्कार वगैरे सांगायचा नाहीये, तुझ्याजवळ थोर कोण आहे मला माहीत नाही.

मंजुळा


करी रोड, १७ ऑगस्ट १९८८

उत्तम,

घात झाला. तुझ्यामुळे झाला, आणि माझ्यामुळे झाला. माझ्या वाटणीचं माझं मी बघून घेईन, तुझ्या वाटणीचं ऐक.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन बसले. आधीच सांगून ठेवलं होतं की सरांनी क्लासात एक पुस्तक दिलंय, त्यात लेआउट कसं करायचं ते आहे. बाबा चष्मा लावून बसले, अगदी शाळेतल्या पोरासारखे. मी म्हटलं, बाबा, तुमची रेघ कुठेच चुकलेली नाही. कापड म्हणून हे नंबर एक आहे. पण चिपेचं वागणं धाग्यासारखं नाही. ती सारखं थोडं थोडं करंट पीत नाही, ती एकदम घोट मारते आणि थांबते, परत घोट मारते.

'मगे?'

मग मी तुझं सांगितलं. तुझं, जसंच्या तसं. म्हटलं, आपल्या चाळीत नळ एका टोकाला. पण आंघोळ करता करता नळ गेला तर राधाबाईचं अडतं का? नाही, कारण तिचं पिंप तिच्या मोरीत आहे. आता समजा, सगळ्या चाळीने आपापली पिंपं उचलली आणि नळाजवळ ओळीने मांडली. छान दिसेल. पण तिसऱ्या मजल्यावर डोक्याला साबण लावून बसलेल्याला त्याचा काय उपयोग? कपॅसिटर म्हणजे पिंप. प्रत्येक चिपेच्या मोरीत तिचं पिंप पाहिजे. तुम्ही सगळी पिंपं काठावर मांडलीत.

बाबांचे डोळे चमकले. खरं सांगते, चमकले. इतक्या वर्षांत मी ते तसे बघितले नव्हते. फिल्म हातात घेतली, एकेका चिपेवरून बोट फिरवलं, काठापर्यंत गेले, परत आले. 'खरा आसा,' म्हणाले, 'खरा आसा गो. एवढ्या लांबसून पाणी येतलां कधी आणि ती न्हातली कधी?' आई चुलीकडून हसली. मला वाटलं, जिंकलं.

मग बोट थांबलं. फिल्म खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं आणि अगदी सावकाश विचारलं, 'चेडवा, पुस्तकवाल्याक राधाबायचा पिंप कसा म्हायत?'

आता काय बोलणार? बोल ना, दीडशहाण्या, तू असतास तर काय बोलला असतास? मी म्हटलं, ते मी माझं जोडलं. माझं तोंड बघून आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी परत विचारलं नाही. त्यांना माहीत आहे ना, राधाबाईचं पिंप मोरीत ठेवून द्यायला, नळाची रबरी नळी तिथवर ओढायला कोण जायचं ते.

फिल्म उलटी करून फळीवर ठेवली, ब्लेड तिच्यावर ठेवलं, आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसले.

आज चौथा दिवस. बाकड्यावरच आहेत. मी सरांकडे जाऊन अजून थोडा वेळ मागितला, सर म्हणाले गणपतीच्या आत काय ते सांगा, नाहीतर मशीनं न्यायला माणूस येतोय. रघु स्क्रीनप्रिंटिंगवाला, जो आपल्या फिल्मवरून तांब्यावर छापून देतो, तो मंडळांच्या बॅनरांत बुडालाय, त्यालाही लवकर सांगायला हवं. सांगू काय? मी स्वतः टेप लावायला बसले होते, तुझ्या नकाशाप्रमाणे. अर्ध्यात उठले. माझ्या हातून झालं तरी ते माझं होईल, बाबांचं कुठे होणार? आणि कार्ड मला कधी हवं होतं? मला बाबा त्या बाकड्यावरून उठलेले हवे होते.

तू त्या पिंपाऐवजी दुसरं काहीही लिहू शकला असतास. टाकी लिही, विहीर लिही. पण नाही, तुला आपली चाळच आठवली. एवढी आठवते तर गेलास कशाला?

मंजुळा


करी रोड, ८ सप्टेंबर १९८८

उत्तम,

तुझी दोन पत्रं सरांकडे पडून होती, आज आणली. काय झालं, काय झालं म्हणून जीव टाकायला तुला कोणी सांगितलं नव्हतं. पण झालंय ते सांगते, कारण मला सांगायला सांगितलंय.

मागच्या पत्रानंतर दोन दिवसांनी, सकाळी नळ आला तेव्हा, राधाबाईचा आरडाओरडा ऐकू आला. 'काय हो कुशाबा, माझ्या मोरीत काय बघताय?' मी धावले. बाबा तिच्या दारात उभे, आत पिंपाकडे बघतायत. पिंप भरलं, नळी काढली, तिने कळशी बुडवली, पाणी खाली गेलं, परत भरलं. तेवढं सगळं उभं राहून बघितलं आणि घरी आले. राधाबाई माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवत होती. फिरवू दे.

फळीवरची फिल्म काढली. काठावरची टेप नखाने एका टोकाला उचलली आणि सर्रकन ओढून काढली, पूर्ण काठ, एका दमात. मला एवढंच म्हणाले, 'तेचो नकाशो आण.' 'तेचो' म्हणाले, उत्तम. कोणाचा ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी पेटीतून काढून समोर ठेवला.

तुझा नकाशा त्यांनी जसाच्या तसा घेतलेला नाही, उगाच फुशारकी मारू नकोस. तू ग्राउंड रुंद करून मधून दोन पट्टे नेलेस, बाबांनी त्याची पूर्ण जाळी केली, उभी आणि आडवी, प्रत्येक चिपेला दोन्हीकडून ग्राउंड. 'नुसतो ताणो कित्याक, बाणोय होयो,' म्हणाले. लायनी मोकळ्या केल्या, जिथे दोन लायनी लांब शेजारून जातात तिथे मध्ये ग्राउंडचा धागा घातला. आणि जंपर घातले. चौदा की पंधरा, मी मोजले नाहीत. एकेक तार पट्टीवर ठेवून वाकवली, सगळ्यांची उंची सारखी, सगळ्या पोटाशी चिकटून. म्हणाले, 'गाठ मारूची तर उघड मारूची. दडवूची नाय.' मला तिथे बसवेना, मी उठून गॅलरीत गेले.

रघु म्हणाला होता गणपती झाल्याशिवाय जमणार नाही. बाबा स्वतः लालबागला गेले. गिरणीच्या गेटावरून जावं लागतं, म्हणून इतकी वर्षं ते त्या रस्त्याने पाऊल टाकत नव्हते. परळला जायचं तरी लांबून वळसा घालून जायचे. त्या दिवशी सरळ गेले आणि रघुच्या दुकानात ठाण मांडून बसले. रघु वैतागून म्हणाला, 'म्हाताऱ्या, तुझ्या या कार्डावर मंडळाचं नाव काय छापू?' पण छापून दिलं.

परवा कार्ड सरांच्या मशीनला लावलं. सकाळी क्लास उघडला तेव्हा चालू केलं. पोरं येऊन टाइप करून गेली, दुपारची बॅच गेली, संध्याकाळची गेली. बाबा मागच्या बाकावर बसून होते, दर थोड्या वेळाने येऊन चिपेवर बोट ठेवून बघायचे, तापलीय का. सरांनी क्लास बंद करायच्या वेळेला दिवे घालवले तरी पडद्यावर सगळी अक्षरं जागच्या जागी. सरांनी बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, 'कुशाबा, बाकीच्यांना लागा.' गिरगावच्या क्लासचा माणूसही येऊन बघून गेला. बाबा पायऱ्या उतरले. खाली आल्यावर माझ्यासाठी भजी घेतली.

तर कार्ड चाललं. आणि चाललं तर विचारीन असं मी लिहिलं होतं.

काल संध्याकाळी बाबा मोरीत बोटांचा फेरिकचा पिवळेपणा घासून काढत होते. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि सरळ म्हटलं, 'ज्याने पिंपाचं सांगितलं, तो विचारतोय, गणपतीला येऊ का.' आईच्या हातातलं ताट तिथेच थांबलं.

बाबा बोटं घासत राहिले. मग म्हणाले, 'तेका लिही. काम बरोबर होता.'

मी म्हटलं, 'आणि गणपतीचं?'

'पुढचा सर्किट असात तर धाडूक सांग. गिरगाववाल्याक प्रिंटरचा कार्ड होया.' हात धुतले, पंच्याला पुसले. 'कागद येवंदे. माणूस नको.'

मी त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मला वाटलं होतं, हे ऐकून मी मनातून खूश होईन. गेली सहा वर्षं मला हेच हवं होतं की तू विचारावंस आणि तुला कोणीतरी तोंडावर नाही म्हणावं. झाली नाही मी खूश. मला बाबांचा राग आला, पहिल्यांदाच आला, आणि मी त्यांना तो बोलूनही दाखवला. म्हटलं, त्याचा नकाशा चालतो, त्याचं पिंप चालतं, मग तो का नाही चालत? बाबा म्हणाले, 'चेडवा, तू गेटार नव्हतंस.' मी नव्हतेच. मी तेव्हा घरात आईबरोबर भाकऱ्या थापत होते. आई गॅलरीत जाऊन उभी राहिली ती दिवेलागणीपर्यंत आत आली नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. कमी झालाय असंही समजू नकोस. येऊ नकोस, कारण तू आलास तर बाबा परत बाकड्यावर जातील, आणि या वेळी त्यांना तिथून उठवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. आईला तुला बघायचंय, ते तिने मला सांगितलेलं नाही, पण मला दिसतं. तिचं मी काय करू, तेही तूच सांग एकदा.

प्रिंटरचं सर्किट पाठव, आता सरांकडे नको, घरच्याच पत्त्यावर. नीट पाठव, मासिकातलं उतरवून नको, स्वतः तपासून पाठव, आणि कपॅसिटर कुठे बसवायचे ते खुणेने दाखव. पाठवायचं तर लवकर पाठव. हे पत्र अजून माझ्या पर्समध्ये आहे, पेटीत पडायचंय, आणि बाबांनी आज सकाळपासून दोनदा विचारलंय, पोस्टमन आपल्या मजल्यावर किती वाजता येतो.

मंजुळा